पूर ओसरला, पण म्हैस माजावर येईना

प्रश्न : ऑगस्टच्या पुरात आमच्या गोठ्यात चार दिवस पाणी होते. सात महिन्यांची गाभण म्हैस सप्टेंबरअखेर गाभडली. दुसरी विऊन पाच महिने झाले तरी माजावर नाही. तिला माजाचे इंजेक्शन द्यावे का?
– एक वाचक, ता. शिरोळ

उत्तर : तपासणीआधी इंजेक्शन नको. उपासमारीत मेंदूकडून बीजांडकोशाला मिळणारे संप्रेरकांचे संकेत मंदावतात आणि बीज वाढत नाही. बीज पक्व व्हायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून ऑगस्टची आबाळ आता दिसते आहे. आधी शेण तपासून घ्या. पुरानंतर गोगलगायींमुळे लिव्हर फ्लूक (यकृतातला चपटा जंत) वाढतो. शरीरपोषणासाठी दोन किलो आणि दर दोन लिटर दुधामागे एक किलो पशुखाद्य द्या, सोबत रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण. भिजून काळा पडलेला कडबा आणि बुरशीचा मका टाकून द्या. मक्यावरच्या काही बुरशींचे विष स्त्री-संप्रेरकासारखे वागते : निरण (योनीचे बाहेरचे ओठ) सुजते, माज आल्यासारखा वाटतो, पण गाभ ठरत नाही.

म्हशीचा माज बहुधा मुका असतो, म्हणजे ठळक लक्षणे दिसत नाहीत. रात्री उशिरा आणि पहाटे पाहा : दूध चोरणे, वारंवार थोडी थोडी लघवी, काचेसारखा सोट (योनीतून येणारा चिकट स्राव). सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करा. पशुवैद्यकांना बीजांडकोशावर पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे बनणारी गाठ) लागला, तर प्रोस्टाग्लँडिन या माजाच्या इंजेक्शनचा उपयोग होतो. पण आधी गाभ नाही याची खात्री हवीच, नाहीतर तोही पडेल. हे हिवाळ्यातच उरका. म्हशींच्या माजाचा हंगाम फेब्रुवारीपर्यंत. तो हुकला की जनावर पुढच्या पावसाळ्यापर्यंत भाकड राहते.

गाभडलेल्या म्हशीची आम्हाला जास्त काळजी वाटते. उंदरांच्या आणि बाधित जनावरांच्या मुताने दूषित झालेल्या पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरा हा जिवाणू पसरतो आणि काही आठवड्यांनी गाभ पडतो. सातव्या महिन्यात ब्रुसेला हा जिवाणूही तेच करतो. दोन्ही माणसाला होतात. रक्ताचा नमुना आताच पाठवा, दोन-तीन आठवड्यांनी दुसरा. अहवाल येईपर्यंत तिला गावच्या रेड्याकडे नेऊ नका, बाजारात विकू नका, दूध उकळूनच वापरा. घरात कुणाला ताप असेल तर डॉक्टरांना गाभडल्याचे सांगा. पुन्हा असे झाले तर मृत रेडकू आणि वार उघड्या हाताने उचलू नका. वार ओढू नका, तिला वजनही बांधू नका. गर्भाशय फाटते किंवा बाहेर येते. बारा तासांत वार पडली नाही तर पशुवैद्यकांना बोलवा. नमुना घेतल्यावर सगळे चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांनी उकरता कामा नये. ब्रुसेलाची लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आणि पारड्यांना (म्हशीच्या मादी पिलांना) आयुष्यात एकदाच देतात, रेड्यांना नव्हे; गाभण म्हशीला ती टोचू नये.