पप्पांची बदली रेल्वेत

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुझे पप्पा एसटीत कंडक्टर होते. 2004 साली 'नवरा माझा नवसाचा' आला तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. पुढे घरात त्याची दोन तबकड्यांची व्हीसीडी आली. दुसरीवर चरे पडले होते, ती मध्येच अडकायची, आणि मग पुढचं सगळं पप्पा खांद्याला कातडी पिशवी लावून स्वतःच करून दाखवायचे. ते अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले, त्याला तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात तू आणि आई दुसरा भाग लावून बसलात. पहिल्या भागातले कंडक्टर अशोक सराफ यात टीसी होऊन आले तशी आई खळखळून हसली आणि म्हणाली, "बघ, पप्पांची बदली झाली रेल्वेत." तू टीव्ही बंद केलास. "तुला काहीच कसं वाटत नाही?" असं बोलून बसलीस. तेव्हापासून आई वेळेवर वाढते, पण बोलत नाही. आणि तू मला विचारतेस, हा सिनेमा बघायलाच नको होता का?

सिनेमाचं आधी उरकते. सप्टेंबर 2024 मध्ये, वीस वर्षांनी, सचिन पिळगावकरांनीच तो पुन्हा केला. तेच जोडपं, तेच गणपतीपुळे, फक्त एसटीऐवजी कोकण रेल्वे. मला तो पहिल्याइतका रंगला नाही. पहिल्यात सगळी गंमत त्या एका बसची होती. कोणाला उतरता येत नाही आणि सगळ्यांना पुरून उरणारा एक कंडक्टर! पण हा भाग दुप्पट चांगला असता तरी तू चिडलीच असतीस. हा सिनेमा आला तेव्हा अशोक सराफ सत्याहत्तर वर्षांचे होते. पप्पांचा म्हणून तू जपलेला तो कंडक्टर म्हातारा होऊन समोर आला, आणि पप्पांना ते वय मिळालंच नाही. राग त्याचा आहे गं. तो आईवर निघाला.

आता आईकडे ये. तुझ्या चार पानी पत्रात व्हीसीडीच्या दिवसांतली आई एकदाच येते, कांदाभजीची ताटली घेऊन. "आम्ही दोघं बघायचो," असं तू लिहितेस. मग ती कुठे होती? ओट्यापाशी. तिने तो सिनेमा पाहिला कमी, ऐकला जास्त. त्यात पप्पांचा आवाजही आला.

आणि 'बदली' हा शब्द तिने उगाच नाही वापरला. मुक्कामाची गाडी असली की नवरा रात्री घरी नाही, बदली झाली की महिनोन्महिने नाही, हे कंडक्टरच्या बायकोला कोणी शिकवावं लागत नाही. बदली झालेला माणूस घरात नसतो, पण कुठेतरी असतो. तुझ्या आईने तीन वर्षांत त्यांच्यासाठी जागा शोधून काढली, ती तुला सांगितली, आणि तू टीव्ही बंद केलास.

माझ्या सासूबाई मामंजींच्या तेराव्याला आचाऱ्यावर डाफरल्या होत्या, जिलबीला गोडी कमी म्हणून. आम्ही सगळ्यांनी तोंडं फिरवली. मामंजी जिलबी पाकात बुडवून खायचे, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तोवर सासूबाईही गेल्या होत्या.

तुझं चुकलं. माफी माग, पण समोर बसवून, डोळे पुसत नको. ती "असू दे" म्हणेल आणि विषय तिथेच मिटवेल. ती भाजी निवडायला बसली की शेजारी बस, चार शेंगा हातात घे आणि विचार, "पप्पांना कुठली गाडी मिळाली असेल गं? मांडवी की कोकणकन्या?"

लगेच उत्तर येणार नाही. आलंच तर आधी, पप्पांना रेल्वे कशी मुळीच आवडायची नाही, ते येईल. ते ऐकून घे. उरलेला सिनेमा कधी लावायचा ते तिला ठरवू दे, आणि त्या दिवशी भजी तू तळ.

तुझी,
ताई