मोठ्याने हसणारी नात

प्रश्न : माझी मुलगी चारचौघांत खळखळून हसली, की सासूबाईंच्या कपाळाला आठी पडते. मी कोणाची बाजू घ्यावी?

उत्तर : मुलीची घ्यावी. मात्र सासूबाईंनी तोंडावर हात धरून हसू दाबले, तीच त्यांच्या काळी शालीनता होती, आणि तसे न केल्यास ऐकावी लागणारी बोलणी त्यांनी सोसली असल्यामुळे, त्या आठीमागे रागापेक्षा नातीला लोक नावे ठेवतील ही धास्ती अधिक असावी. ‘वळण’ पिढीगणिक बदलते. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ सालापर्यंत नव्हती, कारण एवढी धाव त्यांना झेपणार नाही, असे मानले जाई. सासूबाईंना लहानपणी कशाचे हसू आवरत नसे, हे मुलीच्या देखत त्यांना एकदा जरूर विचारा.