वाचकांचे प्रश्न : मृग उलटा का दिसतो?

प्रश्न : खानापूरच्या वाचनालयात ‘आकाश आणि पुराणकथा’ प्रदर्शन आहे. काळ्या कार्डशीटला भोकं पाडून मागून उजेड दिला, पण व्याध तारा मृग नक्षत्राच्या उजवीकडे आला. तारेही सगळे सारखेच दिसतात.

उत्तर : नकाशा मागच्या बाजूला ठेवून भोकं पाडलीत, म्हणून चित्र उलटलं. समोरून पाडा, भोकांच्या खरबरीत कडाही मागे राहतात. दक्षिणेकडे तोंड केलं की व्याध डावीकडे खाली हवा. पोटातल्या बाणाचे तीन तारे त्याच्याकडेच रोख धरतात. ही रेषा चुकली तर व्याधाने, म्हणजे शिकाऱ्याने, मृगाला बाण मारल्याची कथाच चुकली! भोकं : व्याध 5 मिमी, मृगातले तेजस्वी तारे काक्षी-राजन्य 4, बाण 3, बाकी 2. मागे बटर पेपर, काक्षीला नारंगी जिलेटिन कागद. एलईडी पट्टी 10 सेंमी मागे ठेवा, नाहीतर तिचे दिवे वेगळे उमटतात.