विधवांची यादी आणि तुझा राग

बाळा,

तुझा मेसेज वाचला. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या विधवांच्या मदतीचं काम हातात घेतलंस आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी यादीत नावं भरायचा फॉर्म पुढे केला, म्हणून एवढा वैताग. बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातली, विधवांच्या यादीत नाव घालायची 60 वर्षांची अट दाखवून विचारलंयस की मग 59 च्या बाईनं काय करायचं. प्रश्न बरोबर आहे, पण त्यातून यादीच नको असं कुठे निघतं?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 परत वाच, घाई न करता. यरुशलेमेत रोज वाटप चालायचं, वाटणारे काही दुष्ट नव्हते, तरी ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या. माझ्या मते कारण साधं आहे, ओळखीची बाई आठवते, बाकीच्या राहून जातात. मग सात माणसं नेमली, स्तेफन, फिलिप्प, निकानोर, सगळी नावं ग्रीक! ज्यांची तक्रार त्यांच्यातल्याच लोकांच्या हातात वाटप. तुझ्या कमिटीत एक तरी विधवा आहे का? नसेल तर आधी ते बघ, फॉर्मवर नंतर भांडू.

आणि यादी ठेव. इ.स. 251 च्या सुमारास रोमचे बिशप कर्नेलियस लिहितात की तिथली मंडळी 1500 पेक्षा जास्त विधवा आणि गरजूंना सांभाळते, आणि डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, किती, तर 7. नुसत्या कळवळ्यावर चाललं असेल हे? 303 मध्ये उत्तर आफ्रिकेत सिर्ता इथे चर्चवर जप्ती आली, तेव्हा लिहून घेतलेल्या सामानात बायकांचे 82 अंगरखे आणि बायकांच्याच पादत्राणांचे 47 जोड, पुरुषांचे अंगरखे फक्त 16. बहुतेक गरिबांसाठीच साठवलेले.

तुझ्या 59 वालीचं उत्तरही जुनंच आहे. तिसऱ्या शतकातल्या सीरियाच्या मंडळीची नियमावली विधवांच्या गटासाठी वय 50 वर आणते आणि वर सांगते की तरुण विधवेला त्या गटात घेऊ नका पण मदत मात्र करा. म्हणजे अट बदलली, यादी राहिली.

मला लोक कारकून म्हणायचे, अजून म्हणतात, वही घेऊन फिरते म्हणून. म्हणू देत. वही नव्हती तेव्हा आमच्याकडची एक बाई कित्येक महिने आजारी होती, आणि सगळ्यांना वाटत होतं दुसरं कोणीतरी जातंय. ते मला आजही सलतं, म्हणून मी या बाबतीत ऐकून घेत नाही, तुझंही नाही.

वयाचा रकाना काढायचाय ना, काढ, कमिटीपुढे मी तुझ्या बाजूनं बोलेन. नावाचा राहू दे, आणि शेजारी शेवटचं कधी भेटलो ती तारीख.