समीकरण मिळाले, मग स्थिरांक कुठून आणायचा?

प्रश्न : मी खानापूरची असून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. मल्टिलूप फाइनमन इंटिग्रल (कणांच्या आंतरक्रियांच्या गणितात येणाऱ्या, अनेक लूपांच्या आकृत्यांची इंटिग्रल) थेट न सोडवता त्यांची विकल समीकरणे मांडतात, असे वाचले. पण समीकरण सोडवले तरी स्थिरांक उरतोच. त्यासाठी मूळ इंटिग्रल करावेच लागणार असेल, तर या वळशातून काय साधले?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, मात्र स्थिरांकासाठी मूळ इंटिग्रल पुन्हा करावे लागते, हे गृहीतक बहुतेक वेळा खरे ठरत नाही.

समान वस्तुमानाच्या दोन रेषांचा एक लूप घ्या. बाहेरून येणाऱ्या संवेगाचा वर्ग 'क्ष' आणि वस्तुमानाचा वर्ग 'म' मानू. चेटिर्किन आणि त्काचोव्ह यांनी १९८१ मध्ये दाखवलेल्या खंडशः संकलनाच्या नात्यांमुळे या कुळातील असंख्य इंटिग्रल दोनच 'मास्टर', म्हणजे पायाभूत, इंटिग्रलांवर येतात : वरचा दोन रेषांचा लूप, म्हणजे 'बुडबुडा', आणि एकाच रेषेचा लूप, म्हणजे 'टॅडपोल'. बुडबुड्याचे क्ष-सापेक्ष विकलन केले तरी उत्तर याच दोघांत लिहिता येते, आणि तेच आपले समीकरण. त्यात विकलजाचा सहगुणक क्ष(क्ष − ४म) असतो. क्ष = ४म येथे खऱ्या कणांची जोडी निर्माण होऊ शकते, म्हणून तेथील सिंग्युलॅरिटी (जेथे फल सुरळीत राहत नाही असा बिंदू) खरी; क्ष = ० येथे मात्र तसे काहीच घडत नाही आणि इंटिग्रल सुरळीत राहते. म्हणून क्ष = ० ठेवताच विकलजाचे पद गळते, आणि बुडबुड्याची तेथील किंमत टॅडपोलच्या (मिती − २)/२म पट आहे (मिती म्हणजे अवकाशकालाच्या मितींची संख्या), हे समीकरणच सांगून टाकते. टॅडपोल तर गॅमा फलात (फॅक्टोरियलच्या विस्तारित रूपात) लगेच लिहिता येतो.

लूप वाढले तरी हीच रचना टिकते. मलप्रभेला ओढे येऊन मिळतात, तिचे पाणी ओढ्यांत परत चढत नाही. तशी कमी रेषांची इंटिग्रल मोठ्यांच्या समीकरणात येतात, उलट कधी होत नाही. त्यामुळे समीकरणांच्या सहगुणकांचे मॅट्रिक्स गटागटाने त्रिकोणी असते. २०१३ मध्ये योहानेस हेन यांनी सुचवले की, मास्टर इंटिग्रल नेमके निवडल्यास एप्सिलॉन (मिती = ४ − २ एप्सिलॉन) मॅट्रिक्सबाहेर गुणक म्हणून काढता येतो; मग एप्सिलॉनच्या प्रत्येक घातासाठी मागच्या घाताच्या उत्तराचे एकदाच संकलन करायचे, आणि पुष्कळदा त्यातून पॉलिलॉगॅरिदम (लॉगॅरिदमची व्यापक रूपे) निघतात. दोन लूपांच्या, समान वस्तुमानाच्या 'सूर्योदय' आकृतीत मात्र दुसऱ्या कोटीचे समीकरण उरते आणि लंबवर्तुळी इंटिग्रल शिरतात. स्थिरांक तेथेही शून्य संवेगापाशी, आकृतीला बाहेरचा संवेगच उरत नाही अशा ठिकाणी, हाती लागतो.