पहिलं ॲप: भाषा कोणती घेऊ?

आधी एक ठरव: ॲप कोणत्या फोनवर चालायला हवं? फक्त अँड्रॉइड असेल तर सरळ कोटलिन घे. २०१९ पासून गूगल अँड्रॉइडसाठी कोटलिनलाच पहिली पसंती देतं. जुना कोड वाचण्यापुरती जावा पुढे येईलच. आयफोनसाठी स्विफ्ट, पण त्यासाठी लागणारं ॲपलचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर मॅकवरच चालतं. मॅक नसेल तर तूर्त तो नाद सोड.

दोन्हीकडे एकच कोड हवा, तर फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह (एकाच कोडवरून दोन्हीकडची ॲप्स बनवायची साधनं). जावास्क्रिप्ट येत असेल तर दुसरं, नाहीतर मी फ्लटरच सुचवेन. त्याची भाषा डार्ट पटकन हातात बसते.

एम्युलेटर (संगणकावर चालणारा नकली फोन) रॅम फार खातो, म्हणून स्वतःचा फोन जोड. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात; तिथे यूएसबी डीबगिंग चालू कर, म्हणजे केबलने जोडलेल्या फोनवर ॲप चालवून तपासता येतं. मग कोटलिनमध्ये बटण दाबलं की आकडा वाढणारं साधं ॲप कर आणि फोन आडवा करून बघ. अँड्रॉइड तेव्हा सहसा ॲक्टिव्हिटी (ॲपची ती स्क्रीन चालवणारा कोडचा भाग) नव्याने उभी करतं, आणि तिच्यातल्या साध्या व्हेरिएबलमधला आकडा परत शून्यावर येतो. अशा वेळी आकडा जपून ठेवणारं व्ह्यूमॉडेल कशासाठी असतं, ते तिथे नीट कळतं. हो, आणि कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट पहिल्या दिवसापासूनच वापर.