डोकं ‘जा’ म्हणतं, पोट ‘नको’ म्हणतं

“मॅडम, डोकं एक सांगतं, मन दुसरंच. ऐकायचं कुणाचं?” हा प्रश्न घेऊन माझ्याकडे कुणी ना कुणी येतंच. उत्तरादाखल बँकेत नोकरी करणाऱ्या एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताईंना बढती मिळत होती, पण बदली सांगलीहून नागपूरला. पगारातला फरक, घरभाडं, मुलाची दहावी, सगळं वहीत मांडून झालं होतं. हिशेब ‘जा’ म्हणत होता. संमतीचा फॉर्म समोर आला की मात्र पोटात गोळा. डॉक्टरांनी तपासून काही नाही असं सांगितलं होतं. हे मी आधी विचारतेच. प्रत्येक पोटदुखी मनाची नसते.

मी त्यांना डोळे मिटून सावकाश ‘मी जाते’ म्हणायला सांगितलं, मग ‘मी थांबते’. पहिल्याला पोट आवळलं. दुसऱ्याला घसा दाटून डोळे भरले. म्हणजे शरीराचाही कौल एका बाजूला नव्हताच. पोटात भीती होती: सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय, मी नसले तर? घशात राग होता, मुलगा लहान म्हणून सोडलेल्या आधीच्या बढतीचा.

शरीराला डोक्याच्या आधी कळतं का? 1997 साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी पत्त्यांच्या खेळावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही गड्ड्या फायद्याच्या होत्या, काही तोट्याच्या. तोट्याच्या गड्डीकडे हात जाताना, ती तोट्याची आहे हे सांगता येण्याआधीच लोकांच्या तळव्यांना सूक्ष्म घाम येऊ लागे. पुढे इतरांनी आक्षेप घेतला: संशोधकांना वाटलं त्याहून बरंच आधी खेळणाऱ्यांना कळलेलं असतं. मलाही ‘आतला आवाज कधी चुकत नाही’ हे पटत नाही. जुनी भीतीही त्याच आवाजात बोलते.

भीती वेगळी काढल्यावर डोक्याला काम मिळालं. ऑपरेशनची तारीख, शिल्लक रजा, नणंदबाई किती दिवस येऊ शकतील, यातलं काहीच विचारलेलं नव्हतं! राग मात्र चौकशीने सुटणारा नव्हता. ताई रोज सासूबाईंबरोबर हरिपाठ म्हणतात. मी स्वतः देवदेव करणारी नाही, पण तिथे त्या शांत असतात हे दिसत होतं. म्हटलं, “हरिपाठानंतर थोडं तिथंच बसा. निर्णय घेऊ नका. जाऊन किंवा थांबून मी कुणाला धडा शिकवतेय का, एवढंच विचारा.”

पुढच्या वेळी हसतच आल्या. “यांना दाखवून द्यायचं होतं, मॅडम.” मग त्या हे नवऱ्याशीच बोलल्या, भांडणही झालं.

अखेर त्यांनी ऑपरेशननंतर रुजू होण्याची मुदत मागून घेतली. सही करताना पोटात गोळा आलाच. त्यांनी आधी नणंदबाईंना फोन करून तारखा पक्क्या केल्या आणि मग सही केली.